इको मोडचा ठराव

सत्य कितीही दाबले तरी ते एक दिवस उसळून वर येतेच, असे मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. आमच्या संस्थेत ते खाली आले. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये, वर उचलून धरलेल्या गाडीच्या पोटातून ते काळ्या तेलाच्या रूपाने निघाले, आणि खाली ठेवलेला पत्र्याचा डबा चुकवून रावसाहेब इंगवल्यांच्या पांढऱ्या विजारीवर पडले.

"मागं सरा म्हटलं होतं," तनुजा वायचळ म्हणाली.

ती त्या वर्कशॉपची इंजिनीअर होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. रावसाहेब हे आजऱ्याच्या आमच्या ज्ञानसंवर्धक शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. त्यांना उद्देशून 'मागे सरा' हे शब्द गेल्या तीस वर्षांत कुणी उच्चारले नव्हते, त्यामुळे ते त्यांना कळले नसावेत. मी मंडळाचा मानद चिटणीस होतो, म्हणजे निवृत्त झाल्यावरही घरी बसवत नाही असा मराठीचा मास्तर. चौथा माणूस भिंतीला टेकून उभा होता. तो ड्रायव्हर, इनास बार्देस्कर.

तनुजाने दोन बोटांवर तेल घेतले, हुंगले आणि बोटे रावसाहेबांच्या नाकापुढे धरली.

"करपलंय. हे तेल लालसर असतं, आरपार दिसतं त्यातून. हे बघा, काजळ घालावं तसं झालंय. गिअरबॉक्स आतून घासलाय."

"पंधरा महिन्यांत?" रावसाहेब म्हणाले. "साडेसात हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेची गाडी आहे ही."

विद्यार्थ्यांच्या संख्येचा गिअरबॉक्सवर काय परिणाम होतो हे तिला ठाऊक नसावे. ती म्हणाली, "गाडीत दोष दिसत नाही. चालवण्यानं झालंय."

रावसाहेब सावकाश इनासकडे वळले. ज्या वाक्याची ते आजऱ्यापासून वाट पाहत आले होते ते त्यांना मिळाले होते.

"ऐकलंस?"

"व्हय साहेब."

रावसाहेबांनी काखेतले लॉगबुक उघडले. खूण घालून आणलेच होते. "बारा जुलै. आंबोली घाट, उतार. मोड, स्पोर्ट. हे अक्षर कुणाचं?"

"माझंच, साहेब. ब्रेक तापलं हुतं म्हणून…"

"कबूल करतोय, सर! तुमच्यासमोर कबूल करतोय!" रावसाहेब मला म्हणाले. "चौकशी समिती नेमा."

इथे इनासचे काय पणाला लागले होते ते सांगतो. तो अकरा वर्षे संस्थेच्या गाड्या चालवत होता आणि अकराही वर्षे हंगामी होता. अकरा महिन्यांची नेमणूक, एक महिना कागदोपत्री घरी, पुन्हा अकरा महिने. वय एक्कावन्न. आमच्या नियमाप्रमाणे बावन्न पूर्ण झाल्यावर कुणाला कायम करता येत नसे, आणि इनासला बावन्न ऑक्टोबरात पूर्ण होत होती. महिनाअखेरीच्या सभेत त्याचा विषय होता. म्हणजे त्या सभेत कायम झाला तर झाला. नाहीतर गिअरबॉक्स जाळणारा ड्रायव्हर म्हणून घरी, आणि आजऱ्यासारख्या गावात असा शिक्का बसलेल्या माणसाच्या हाती कुणी बैलगाडीही देत नाही.

आता ठराव क्रमांक चौदा.

गाडी घेतली तेव्हा तिच्यात गिअर टाकायचा दांडा नव्हता. म्हणजे दांडा होता, पण तो नुसता पुढे, मागे किंवा मोकळे एवढेच सांगायला. गिअर गाडी आपले आपण बदले. दांड्याशेजारी एक गोल बटण होते, ते फिरवले की इको, नॉर्मल आणि स्पोर्ट अशी तीन नावे आलटून पालटून समोर उमटत. पहिल्याच आठवड्यात रावसाहेब घाटाखालच्या आमच्या शाळेला भेट द्यायला निघाले. आंबोलीचा घाट उतरताना त्यांना समोर तांबड्या अक्षरांत 'स्पोर्ट' असे दिसले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारले.

"उतार हाय न्हवं साहेब. ह्याच्यावर ठेवली की गाडी खालचा गिअर धरून बसती. इंजिनच तिला आवरतं. ब्रेकवर लोड येत न्हाई."

अकरा वर्षांत इनासने रावसाहेबांपुढे केलेले हे सर्वांत मोठे भाषण होते, आणि ते वाया गेले. रावसाहेबांच्या मनात एकच शब्द उरला. संस्था गोरगरिबांच्या मुलांची, देणग्या मुंबईकरांच्या, आणि अध्यक्षांची गाडी स्पोर्ट! पुढच्या सभेत ठराव आला. त्याचे मराठी फार चांगले होते, हे मी आजही म्हणेन. पहिले कलम : 'संस्थेचे वाहन संस्थेच्या ब्रीदाशी सुसंगत अशा काटकसरीच्या, अर्थात इको मोडवरच, सदैव चालवावे.' दुसरे : 'स्पोर्ट मोडचा वापर संस्थेच्या प्रतिमेस बाधक असल्याने वर्ज्य मानावा.' तिसरे : 'घाटउतारावर वाहन न्यूट्रल अवस्थेत, निसर्गदत्त उताराचा लाभ घेत, खाली आणावे, वळण येताच पुनश्च गिअरमध्ये घ्यावे.' शिवाय लॉगबुकात 'मोड' असा नवा रकाना आखावा.

अकरा सभासदांनी ठरावावर सह्या केल्या. त्यांतल्या सात जणांना गाडी चालवता येत नव्हती. उरलेल्या चौघांना येत होती हे अधिक वाईट.

समितीचा अध्यक्ष मला नेमले, कारण मी निःपक्षपाती होतो. माझ्याकडे चारचाकी नव्हती. सदस्य म्हणून क्रीडाशिक्षक हणमंत डोणकर यांना घेतले, कारण प्रकरण स्पोर्ट मोडचे होते. हा विनोद नाही. तसा शेरा नस्तीत आहे.

आम्ही जुन्या प्रयोगशाळेत बसलो. इनास समोरच्या स्टुलावर, टोपी मांडीवर.

"नाव?" डोणकरांनी विचारले.

"सर, माझ्या पोराला तुमी दोन वरसं कबड्डी शिकवली."

"रेकॉर्डसाठी रे."

"इनास पेद्रू बार्देस्कर."

"तर इनास," मी म्हणालो, "बारा जुलैला तू स्पोर्ट मोड वापरलास."

"व्हय सर. दोन किलोमीटर."

"का?"

"मुलींची टीम हुती गाडीत, खो-खोची. पाऊस. ठरावापरमाणं न्यूट्रलमधी उतरत हुतो. धा-बारा वळणं झाली आन् ब्रेकचा वास याला लागला. पाय खाली खाली जाया लागला. मग म्हटलं, पोरी हाईत. स्पोर्टवर टाकली, गाडी आवरली. खाली आल्यावर परत इको केला. आन् बुकात लिवलं."

"लिहिलंस कशाला?" डोणकर एकदम म्हणाले. मग माझ्याकडे पाहून खोकले.

"रकाना हुता, सर."

डोणकर पुढे वाकले. "बरं, स्पोर्ट केल्यावर गाडी कशी वागली? उड्या वगैरे?"

"न्हाई. आवाज वाढला. जागच्या जागी धरल्यागत झाली."

"माझं मत विचाराल तर," डोणकर मला म्हणाले, "स्पोर्टनं कुणाचं नुकसान होत नाही. माझंच बघा." मी पाहिले. त्यांच्या पोटावर टेबलाची कड रुतली होती. मी ते मत नोंदवले नाही.

"बाकीचे पंधरा महिने?" मी इनासला विचारले.

"ठरावापरमाणं, सर. चढाला इको. उताराला न्यूट्रल. एक बी दिवस चुकलो न्हाई."

"ठरावाने गिअरबॉक्स जळतो असं तुझं म्हणणं आहे?"

तो टोपीकडे बघत राहिला. "माझं काय म्हणणं न्हाई, सर. तुमी सवता बसून बगा की एकदा घाटात."

गाडी तोवर दुरुस्त होत आली होती. तनुजा वायचळला ती ज्या रस्त्यावर बिघडली त्याच रस्त्यावर चालवून बघायची होती. नाहीतर महिन्याभरात तुम्ही परत याल आणि तेव्हा मी रजेवर असेन, असे ती म्हणाली. सात माणसांचे वजन हवे म्हणून मागे घनसाळ तांदळाची पाच पोती टाकली. शनिवारी सकाळी आम्ही चौघे आंबोलीला पोचलो. इनास चालवत होता, त्याच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेली तनुजा, मागे मी आणि डोणकर. लॅपटॉपची एक वायर स्टिअरिंगखाली कुठेतरी गेली होती. गिअरबॉक्समधल्या तेलाचे तापमान पडद्यावर दिसत होते.

"सर, कलमं वाचा," इनास म्हणाला. "म्हंजे चुकायला नको."

मी खिशातून ठराव काढला आणि वाचला. तनुजाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. इनासने दांडा न्यूट्रलला सरकवला आणि घाट सुरू झाला.

गाडी सुटली. दुसरा शब्द नाही. मोकळी झालेली गाडी दगडासारखी घरंगळू लागली आणि तिला धरून ठेवायला चार चाकांचे ब्रेक एवढेच उरले. पहिले वळण आले. इनासने ब्रेक दाबला, दांडा पुन्हा गिअरमध्ये घेतला. खालून कुणी लाथ घालावी तसा झटका बसला. वळण सरले, न्यूट्रल. पुढचे वळण, ब्रेक, झटका. पोती पुढे आली. डोणकरांनी माझा गुडघा धरला तो सोडला नाही.

"थांबा, थांबा," तनुजा म्हणाली. "हे रोज असंच?"

"खालच्या शाळंचं मास्तर न्यायला-आणायला, शाळेच्या दिवशी दोनदा. कधी चारदा."

"पन्नास-साठच्या वेगात न्यूट्रल, मग ड्राइव्ह, मग न्यूट्रल, मग ड्राइव्ह? पंधरा महिने?"

"कलम तीन," इनास म्हणाला.

ती मागे वळली. "हे कुणी लिहिलंय?"

"संस्थेनं," डोणकर म्हणाले. "एकमतानं."

"संस्थेला हात नसतात, सर. पेन कुणीतरी धरलं असणार." तिने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. "'निसर्गदत्त उताराचा लाभ घेत!' अहो, आत क्लचच्या चकत्या असतात, तेलात बुडालेल्या. पळत्या गाडीत दर वेळी न्यूट्रलमधून गिअरमध्ये घेतलं की त्या धाडकन एकमेकींवर आदळतात. वीस वळणं, वीस झटके. ज्यानं हे लिहिलंय ना, त्यानं जन्मात स्कूटर सोडून काही चालवलेलं नाही. लिहून देते."

मी खिडकीतून दरी बघू लागलो. धुके होते. दरी दिसत नव्हती, तरी बघत राहिलो. गाडीच्या आरशात इनासचे डोळे होते. ते एकदा माझ्यावर आले आणि परत रस्त्यावर गेले.

मी एकतीस वर्षे स्कूटर चालवली. गडहिंग्लजहून येताना उतार लागला की इंजिन बंद करून मोकळी सोडायचो आणि पेट्रोलचे थेंब वाचवल्याच्या आनंदात घरी येऊन बायकोला सांगायचो. ठरावाची पहिली दोन कलमे रावसाहेबांची. तिसरे कुणी मागितले नव्हते. दोन कलमांचा ठराव लंगडा दिसतो म्हणून मी ते स्वतःच्या बुद्धीने घातले होते, आणि 'निसर्गदत्त' हा शब्द सुचला त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नव्हती, इतका मी खूश होतो.

घाटाच्या पायथ्याशी ब्रेक निवेपर्यंत थांबलो. मग चढ. इको मोड.

"आता ऐका," तनुजा म्हणाली, आणि आम्ही आरोग्यतपासणीला आलेल्या मुलांसारखे गप्प बसलो. गाडी गुणगुणत निघाली, वरचा गिअर पडला, चढ आला, दम लागला, खालचा गिअर पडला, जरा सपाटी आली की परत वरचा, परत दम. एका वळणात चार वेळा. पडद्यावरचा आकडा चढत होता.

"इको वाईट नाही," ती म्हणाली. "गावात, सपाट रस्त्याला छान आहे. गिअर लवकर वर टाकते, इंजिन शांत, डिझेल वाचतं. पण भरल्या गाडीला घाटात खालचा गिअर हवा असतो आणि इको तिला सारखा वरच्याकडं ढकलतो. तिचं काही ठरत नाही. जितक्या वेळा गिअर बदलेल तितक्या वेळा चकत्या घासणार, तेल तापणार. आणि या तापलेल्या तेलावर, पुढच्या उताराला, तुमचं कलम तीन."

'तुमचं' हे तिने संस्थेला उद्देशून म्हटले होते. माझी मान खाली गेली.

निम्म्यावर तिने बटण नॉर्मलवर फिरवायला लावले. गाडीने एक गिअर धरला आणि तो धरून वर आली. वर आल्यावर इनासने गाडी वळवली, स्पोर्ट केले आणि धबधब्यापर्यंत पुन्हा उतरून दाखवले. इंजिनचा आवाज वाढला, गाडी हात धरून म्हातारीला जिन्यावरून उतरवावे तशी उतरली. त्याने ब्रेक मोजून पाच वेळा लावला. डोणकरांनी गुडघा सोडला.

"म्हणजे नेहमी स्पोर्टवरच ठेवायची?" त्यांनी विचारले.

तनुजाने डोळे मिटले. "गावात स्पोर्टवर ठेवलीत तर गिअर उशिरा बदलणार, झटक्यानं बदलणार, ती झीज वेगळी. कुठं काय ते चालवणाऱ्याला कळावं लागतं." तिने इनासकडे बोट केले. "ह्यांना कळतं. पहिल्या आठवड्यातच कळत होतं. तुम्ही कागद लिहून ते बंद पाडलंत."

वर चहाच्या टपरीपाशी थांबलो. ती दोघे कणीस घ्यायला गेली. मी आणि इनास बाकड्यावर.

"इनास," मी म्हणालो, "तो ठराव…"

"तुमी लिवलाय. मला ठावं हाय, सर. 'पुनश्च' आजऱ्यात दुसरं कोण लिवतंय?"

"मग समितीपुढं बोलला का नाहीस?"

"समिती तुमीच की. तुमचंच तुमास्नी काय सांगायचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी शिपाई बोलतो तसा तो बोलत होता, साहेब मूर्ख आहे हे आधीच धरून चालून.

"मी सभेत सांगीन," मी म्हणालो. "उभं राहून सांगीन."

"चा घ्या, सर. गार व्हायलाय."

महिनाअखेरीची सभा भरली. मी दोन दिवस खपून तोंडपाठ केले होते. विषय निघताच उभा राहिलो.

"सभासदहो, एका निरपराध माणसाच्या भाकरीवर ज्याने आपल्या लेखणीने निखारा ठेवला, तो अपराधी आज तुमच्यासमोर उभा आहे!"

"कोण?" रावसाहेबांनी विचारले. त्यांच्या तोंडात पोहे होते.

"मी!"

"तुम्ही काय केलंत?"

मी सगळे सांगितले. चकत्या, तेल, झटके, कलम तीन. स्कूटरसुद्धा. शेवटी म्हणालो की ठराव चुकीचा होता, आणि तो चुकीचा असल्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.

सभा गंभीर झाली. पण मला वाटले होते त्या कारणासाठी नाही.

"सर," रावसाहेब म्हणाले, "ठराव एकमतानं झालाय."

"हो."

"मग चुकीचा कसा असेल?"

"गाडीला मतं कळत नाहीत, रावसाहेब."

"तुम्ही एकटे जबाबदारी कशी घेता? आमच्या सह्या आहेत त्यावर. आम्ही काय न वाचता केल्या?" त्यांनी सगळीकडे पाहिले. दहाही जणांनी न वाचता केल्या नव्हत्या असे तोंड केले. "तो मोठेपणा तुम्हाला एकट्याला मिळायचा नाही. ड्रायव्हरनं स्पोर्ट केला, गाडी गेली. विषय संपला. पुढं चला."

मी उभाच होतो. बसावे की आणखी काही तोंडपाठ आहे ते आठवावे, हे कळत नव्हते. तेवढ्यात आमच्या सभासदांपैकी एक वकील, जे एरवी फक्त पोह्यांसाठी येत, त्यांनी लॉगबुक जवळ ओढले आणि पाने उलटू लागले.

"रावसाहेब, ही खाली सही कुणाची?"

"माझी. दर महिन्याला करतो."

"वर काय लिहिलंय बघा. 'वाहन ठरावानुसार चालविले. तपासले, योग्य.' पंधरा महिने, पंधरा सह्या." वकिलांनी बुक मिटले. "याला काढलात तर हा कोर्टात जाणार. तिथं हे बुक. मग ती वर्कशॉपची बाई. मग तुम्ही. तिथं तुम्हाला कलम तीन मोठ्यानं वाचायला लावतील."

माझ्या कबुलीने जे झाले नव्हते ते पंधरा सह्यांनी चार मिनिटांत केले. गिअरबॉक्स 'भौगोलिक कारणांमुळे' नादुरुस्त झाल्याचे एकमताने ठरले. इनास पेद्रू बार्देस्कर यास कायम करावे, हेही एकमताने. मात्र ज्याच्या हातून गिअरबॉक्स गेला त्याच्याच हाती गाडी पुन्हा दिसली तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याला नव्या ज्युनिअर कॉलेजच्या इमारतीत लिफ्टवर नेमावे. ठराव चौदा रद्द. नवा ड्रायव्हर रावसाहेबांचा भाचा. तो शाळेच्या फाटकापासून पोस्टापर्यंतचे चार फर्लांगही स्पोर्टवर जाई आणि दर चौकात गाडी ठेचकाळल्यासारखी थांबे. पण ते रावसाहेबांना दिसत नसे, कारण भाचा नात्यातला होता.

इतिवृत्त मी लिहिले. 'भौगोलिक' हा शब्द माझा.

या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. सभेनंतर पंधरा दिवसांनी मी कॉलेजात गेलो तेव्हा इनास लिफ्टमध्ये खाकी कपड्यांत स्टुलावर बसला होता. छातीवर नव्या बिल्ल्यावर नाव आणि खाली 'कायम'. हे असे बिल्ल्यावर लिहीत नाहीत, पण त्याने पदरचे पैसे देऊन लिहून घेतले होते. मी आत शिरलो. मनात होते, आता तो काहीतरी म्हणेल. निदान पाया पडू लागेल आणि मी 'अरे असू दे' म्हणेन.

"कितवा, सर?"

"तिसरा. रावसाहेबांनी बोलावलंय."

त्याने बटण दाबले. लिफ्ट हलली.

"कायम झालास, इनास," मी म्हणालो. "त्या दिवशी उभं राहणं सोपं नव्हतं मला. पण म्हटलं, आपल्या हातून अन्याय झालाय…"

"व्हय सर."

"माणसानं चूक कबूल करायला घाबरू नये."

"न्हाई सर."

दुसरा मजला गेला. तो बटणांकडे बघत म्हणाला, "सर, एक इनंती हुती."

"बोल ना," मी आनंदाने म्हणालो.

"रावसाहेब लिफ्टची नियमावली लिवून घेणार हाईत, तुमच्याकडनं. त्येच्यासाठीच बोलावलंय वाटतं."

"हो. एक पानच करणार आहे. सुटसुटीत."

लिफ्ट थांबली. त्याने जाळीचे दार ओढले आणि मला वाट दिली.

"लिवा की," तो म्हणाला. "फक्त खाली येताना काय करायचं, तेवढं माझ्यावर सोडा."